चावडीवर आलेली बंदूक : व्हर्जिनियातील काउंटी ठरावांचे प्रकरण (२०१९–२०)

५ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाला दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले. राज्यपाल राल्फ नॉर्दम हे त्याच पक्षाचे असल्याने २६ वर्षांनी राज्याची सगळी सूत्रे डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती आली. बंदूक नियंत्रणाचा मुद्दा या पक्षाने प्रचारात उघडपणे मांडला होता. त्याच वर्षी ३१ मे रोजी व्हर्जिनिया बीच शहराच्या पालिका इमारतीत तिथल्याच एका अभियंत्याने गोळीबार करून १२ जणांचा जीव घेतला होता, आणि त्यानंतर राज्यपालांनी ९ जुलैला बोलावलेले विशेष अधिवेशन तेव्हाच्या रिपब्लिकन बहुमताने सुमारे दीड तासात गुंडाळले होते. त्यामुळे नव्या विधिमंडळाचे जानेवारीतले पहिले अधिवेशन बंदुकीच्या कायद्यांचे असणार, हे निकालाच्या रात्रीच दोन्ही बाजूंना कळून चुकले होते.

मधल्या दोन महिन्यांत जे घडले, ते या प्रकरणाचा विषय आहे. निवडणूक हरलेल्या बाजूने न्यायालयात धाव घेतली नाही आणि राजधानी रिचमंडकडेही लगेच मोर्चा वळवला नाही. ती आपापल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या, बोर्डापुढे जाऊन उभी राहिली. डिसेंबर संपेपर्यंत शंभराहून अधिक काउंट्या, शहरे आणि गावांनी शस्त्राधिकाराच्या पाठिंब्याचे ठराव संमत केले होते. राज्यात काउंट्या ९५ आणि स्वतंत्र शहरे ३८ आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येचे वजन कळते.

काउंटीचे बोर्ड म्हणजे साधारण पाच ते सात निवडून आलेले सदस्य. रस्ते, शाळांचे अंदाजपत्रक, जमिनीचा वापर, मालमत्ता कर हा त्यांचा नेहमीचा कारभार असतो. एरवी त्यांच्या सभेला दहा-वीस माणसे असली तरी गर्दी म्हणावी लागते. आपल्याकडची ग्रामसभा आणि जिल्हा परिषद यांच्या मधोमध कुठेतरी ही संस्था बसते. तिचे महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की सदस्य आणि मतदार एकमेकांना नावाने ओळखतात. एकाच किराणा दुकानात, एकाच चर्चमध्ये, एकाच शाळेच्या फुटबॉल सामन्याला भेटतात. शेरीफ हा पोलीसप्रमुखही तिथे निवडूनच येतो. म्हणजे कायदा राबवणारा माणूसही मतदाराच्या ओळखीतला असतो. या रचनेचा जितका हिशेबी उपयोग या चळवळीने केला, तितका त्याआधी या प्रश्नावर क्वचितच कोणी केला असेल.

ठिणगी

शस्त्राधिकाराची चर्चा सहसा शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीच्या, १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपासून सुरू होते आणि २००८ च्या हेलर निकालाशी येऊन थांबते. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असे त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले. पण कुंपणावर हात टेकून शेजाऱ्याशी बोलताना कुणी हेलरचा दाखला देत नाही. तिथे बोलायला काहीतरी हातात धरता येण्याजोगे लागते, आणि ते विरोधकांनीच पुरवले. निवडणुकीनंतर दोन आठवड्यांच्या आत सिनेटमधील ज्येष्ठ डेमोक्रॅट सदस्य डिक सॅस्लॉ यांनी एक विधेयक आगाऊ दाखल केले. मूळ मसुद्याप्रमाणे त्याने व्याख्येत बसणाऱ्या अर्ध-स्वयंचलित रायफली केवळ विकणेच नव्हे, तर बाळगणेही गंभीर गुन्हा ठरले असते, आणि ज्यांच्याकडे त्या आधीपासून कायदेशीररीत्या होत्या त्यांना त्यातून सूट नव्हती.

हे विधेयक पुढे मागे घेतले गेले, आणि जुन्या मालकांना नोंदणी करून शस्त्र ठेवता येईल असे राज्यपालांच्या बाजूने डिसेंबरातच सांगण्यात आले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. नोव्हेंबरचा मध्य म्हणजे व्हर्जिनियात बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याची वेळ. या दिवसांत कपाटातली रायफल बाहेर येते, तेलपाणी होते, बापलेक पहाटे रानात जातात आणि गावातल्या दुकानात काडतुसे घेताना दोन माणसांच्या चार गोष्टी होतात. त्याच महिन्याच्या शेवटी सगळे कुटुंब जेवायला एकत्र बसण्याचा सण येतो. बंदुकीविषयी बोलायला वेगळे निमित्त काढावे लागत नाही, असे वर्षातले हेच आठवडे, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ‘उद्या तुझी ही रायफल तुला गुन्हेगार ठरवील’ हे एका वाक्यात सांगता येत होते. विधेयक दाखल करणाऱ्यांनी पंचांग पाहिले नव्हते, एवढे तरी म्हणावे लागेल.

बोलणे कसे चालले

‘व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग’ ही राज्यातली शस्त्राधिकारवादी संघटना १९९४ पासून काम करते, आणि या काळात फिलिप व्हॅन क्लीव्ह तिचे अध्यक्ष होते. देशभर पसरलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या तुलनेत ती लहान, पण या प्रकरणात पुढाकार तिचाच राहिला. तिची पद्धत साधी आहे. सदस्यांना ईमेलने सूचना जातात, कोणत्या काउंटीची सभा कधी आणि कुठे आहे हे कळवले जाते, ठरावाचा नमुना हाती दिला जातो, आणि सभेला येणाऱ्यांच्या छातीवर ‘बंदुका जीव वाचवतात’ अशा अर्थाची भडक नारिंगी चिकटपट्टी असते. हा नारिंगी रंग शिकारीच्या जाकिटाचाच असल्याने तो कुणाला परका वाटत नाही, आणि सभागृहात आपल्या बाजूची माणसे किती आहेत हे बोर्डाला न मोजता दिसते.

मात्र ईमेलने माणूस सभेला येत नाही, शेजाऱ्याच्या सांगण्याने येतो. शस्त्राधिकाराच्या बाजूने अमेरिकेत काम करणारी माणसे आपसात एक गोष्ट नेहमी सांगतात. बंदूक न वापरलेल्या मित्राशी वाद घालू नका, त्याला एखाद्या शनिवारी चांदमारीला घेऊन जा. कानांवर आवाजरोधक चढवा, डोळ्यांना चष्मा द्या, नळी कायम निशाण्याच्याच दिशेने ठेवायची आणि बोट घोड्यावर शेवटपर्यंत न्यायचे नाही हे आधी शिकवा, लहान कॅलिबरची रायफल हातात द्या आणि कागदी लक्ष्यावर दहा गोळ्या झाडू द्या. परतीच्या वाटेवर राजकारण काढले नाही तरी चालते. युक्तिवादाची जागा ओळख घेते. बंदूक म्हणजे बातमीतली वस्तू हे समीकरण ढिले होते आणि ती शेजारच्या सभ्य माणसाच्या कपाटातली वस्तू होते. व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागात या ओळखीचे काम पिढ्यान्‌पिढ्या आधीच झालेले होते. २०१९ च्या हिवाळ्यात त्या ओळखीला फक्त सभेची तारीख जोडायची होती.

सभा तरी कशा झाल्या? कॅम्पबेल, शार्लट, अ‍ॅपोमॅटॉक्स, पिट्सिल्व्हेनिया या दक्षिणेकडच्या काउंट्यांनी नोव्हेंबरातच ठराव केले. यातले अ‍ॅपोमॅटॉक्स हे १८६५ साली यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूच्या जनरल लीने शरणागती पत्करली ते ठिकाण. पुढे गर्दी वाढत गेली तशी नेहमीची सभागृहे अपुरी पडू लागली, काही ठिकाणी सभा शाळेच्या मोठ्या सभागृहात न्यावी लागली आणि लोक बाहेर थंडीत उभे राहिले. अशा सभेत नागरिकाला बोलायला साधारण तीन मिनिटे मिळतात. समोर वेळ दाखवणारे घड्याळ असते आणि वेळ संपली की सभापती नम्रपणे थांबवतात. तीन मिनिटांत घटनाशास्त्र मांडता येत नाही, आणि म्हणूनच मांडणी फार घरगुती होते. आपण कुठे राहतो, किती वर्षांपासून, बंदूक कुणाकडून आली, रात्री काही झाले तर शेरीफची गाडी आपल्या वस्तीवर पोचायला किती वेळ लागतो, एवढेच माणूस सांगतो. यातला शेवटचा मुद्दा शहरात राहणाऱ्या वाचकाला पटायला जड जातो. पण रात्री अर्धा तास वाट पाहण्याची शक्यता असलेल्या वाडीवस्तीवरचा माणूस तो सिद्धांत म्हणून मांडत नाही, आणि समोरच्या बोर्ड सदस्याचे घर त्याच वाटेवर असते.

कोकणातल्या वाचकाला हा सूर अगदीच अनोळखी वाटणार नाही. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून बाग राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा शेतीसंरक्षण परवाना मागणारा बागायतदार तहसील कचेरीत बोलतो, तेव्हा तोही हक्काची भाषा न वापरता अंतराची, रात्रीची आणि नुकसानीचीच भाषा वापरतो. फरक मुळातला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेल्या परवान्यावर असते, तर तिकडे सरकारने कारण दाखवायचे असते. पण बोलणाऱ्याचा सूर जुळतो, आणि अशा सभांत ऐकणाऱ्यावर आधी परिणाम होतो तो सुराचा.

ठरावात होते काय

अशा काउंटीसाठी इंग्रजीतला ‘सँक्च्युअरी’ हा शब्द, म्हणजे आश्रयस्थान किंवा अभय असलेली जागा, या चळवळीने उसना घेतला होता. बेकायदा स्थलांतरितांविरुद्धच्या केंद्रीय कारवाईला साहाय्य न करणारी शहरे स्वतःला हे नाव लावत. एप्रिल २०१८ मध्ये इलिनॉय राज्यातल्या एफिंगम काउंटीने तोच शब्द उलटवून बंदुकीसाठी वापरला. डाव्यांचा शब्द डाव्यांवर फिरवण्याची खोड त्यात उघड होती, आणि खेड्यात असा टोमणा लवकर पसरतो. व्हर्जिनियात कॅरोल काउंटीने २०१९ च्या निवडणुकीपूर्वीच त्याचे अनुकरण केले होते.

ठरावांचा मसुदा थोड्याफार फरकाने सारखा असे. दुसऱ्या घटनादुरुस्तीवर आणि राज्यघटनेतील शस्त्रविषयक कलमावर निष्ठा, नव्या निर्बंधांना विरोध, आणि घटनाबाह्य कायदे राबवण्यासाठी काउंटीचा पैसा, कर्मचारी किंवा इमारती वापरू न देण्याचा मनोदय. घटनाबाह्य कोणी ठरवायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. ही मोघमता जाणूनबुजून ठेवलेली असो वा नसो, तिनेच हे ठराव संमत होणे सोपे केले. सदस्याला एका छदामाची तरतूद करायची नव्हती, कुठलाही नियम बदलायचा नव्हता; फक्त समोर उभ्या असलेल्या चारशे ओळखीच्या चेहऱ्यांना ‘आम्ही तुमच्या बाजूचे’ असे म्हणायचे होते. ते नाकारायला फार धैर्य लागले असते.

कायद्याच्या दृष्टीने ठरावांची किंमत राज्याचे महाधिवक्ता मार्क हेरिंग यांनी २० डिसेंबर २०१९ च्या अभिप्रायात सांगून टाकली. या ठरावांना कोणताही कायदेशीर परिणाम नाही, आणि विधिमंडळाचे कायदे स्थानिक संस्थांना पाळावेच लागतील. व्हर्जिनियात स्थानिक संस्थेला राज्याने स्पष्टपणे दिलेले आणि त्यांतून अपरिहार्यपणे निघणारे अधिकारच वापरता येतात. हे तत्त्व तिथे ‘डिलन नियम’ म्हणून ओळखले जाते आणि ते शंभराहून अधिक वर्षे मुरलेले आहे. आपल्याकडे गावाने ‘आडव्या बाटली’चे मतदान केले तर दारूचे दुकान बंद होते, कारण त्या मतदानामागे राज्याचेच नियम असतात. व्हर्जिनियाच्या ठरावांमागे असे काहीही नव्हते.

इथे एक विसंगती नोंदवली पाहिजे, कारण चळवळीच्या टीकाकारांनीही तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. बंदुकीविषयी नियम करण्याचा अधिकार शहरांना आणि काउंट्यांना नसावा, तो एकट्या राज्याकडे असावा, हे तत्त्व व्हर्जिनियात शस्त्राधिकारवाद्यांनीच वर्षानुवर्षे जपले होते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे होते. दर दहा मैलांवर वेगळा नियम झाला तर कंबरेला पिस्तूल लावून प्रवास करणारा सरळमार्गी माणूस नकळत गुन्हेगार ठरेल. म्हणजे राज्य आपल्या बाजूचे होते तोवर स्थानिक स्वायत्तता ही अडचण होती, आणि राज्य हातचे गेल्यावर तीच ढाल झाली. राजकारणात असे होतेच, पण शेजाऱ्याशी तत्त्वाच्या भाषेत बोलणाऱ्याला याचे उत्तर तयार ठेवावे लागते, आणि सभांतल्या तीन मिनिटांत ते क्वचितच आले.

सूर बदलला तेव्हा

डिसेंबरात कल्पेपर काउंटीचे शेरीफ स्कॉट जेन्किन्स यांनी जाहीर केले की गरज पडल्यास आपण हजारो नागरिकांना साहाय्यक शेरीफ म्हणून शपथ देऊ, म्हणजे त्यांची शस्त्रे कायद्याच्या कक्षेत राहतील. या घोषणेला देशभर प्रसिद्धी मिळाली आणि चळवळीतल्या अनेकांना ती आवडली. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला पटवून देण्याच्या कामाला तिने काही मदत केली असे मला वाटत नाही. आजवरचे बोलणे विनंतीचे होते, हे आव्हानाचे होते. याच जेन्किन्स यांना पुढे डिसेंबर २०२४ मध्ये पैसे घेऊन साहाय्यक शेरीफपदाचे बिल्ले वाटल्याबद्दल केंद्रीय न्यायालयात दोषी ठरवण्यात आले, त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफीही दिली. २०१९ च्या सभांत उभ्या राहिलेल्या साध्या माणसांचा या प्रकाराशी संबंध नव्हता, तरी चळवळीने आपला चेहरा म्हणून कुणाला पुढे येऊ दिले, हा प्रश्न उरतोच.

२० जानेवारी २०२० हा रिचमंडमधला भेटीगाठींचा वार्षिक दिवस होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुटीला नागरिकांनी आमदारांना भेटायचे, ही तिथली जुनी प्रथा. संघटनेची माणसे दरवर्षी लहान गट करून, नारिंगी चिकटपट्ट्या लावून, एकेका आमदाराच्या कार्यालयात पाच-दहा मिनिटे शांतपणे बोलून येत. या वर्षी सुमारे २२,००० लोक आले. त्याआधी राज्यपालांनी आणीबाणी जाहीर करून विधिमंडळाच्या आवारात शस्त्रे आणायला बंदी घातली होती, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवायला नकार दिला होता. एका वंशवादी टोळीच्या तिघांना काही दिवस आधीच अटकही झाली होती. त्यामुळे सुमारे ६,००० लोक तपासणीतून निःशस्त्र आत गेले आणि उरलेले बाहेरच्या रस्त्यांवर राहिले, त्यांतले अनेकजण शस्त्रांसह. लांब बंदुका आणू नयेत ही आयोजकांची विनंती अनेकांनी मानली नाही.

दिवस शांततेत पार पडला. अटक एकच झाली, तीही चेहरा झाकल्याबद्दल. याचे श्रेय जमलेल्यांना दिलेच पाहिजे. तरीही दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत चिलखती जाकीट आणि खांद्याला रायफल एवढेच दिसले. लहान गटांच्या त्या पाच-दहा मिनिटांचे छायाचित्र कुणी काढत नाही. बंदूक नियंत्रणवाद्यांनी त्याच दिवशीची आपली वार्षिक सभा भीतीपोटी रद्द केली, आणि त्या बाजूचे काही विद्यार्थी आदल्या रात्रीच आमदारांच्या कार्यालयांत मुक्कामाला राहिले. मैत्रीच्या गप्पांवर उभ्या राहिलेल्या चळवळीला समोरची बाजू घराबाहेर पडायला घाबरली ही गोष्ट फायद्याची नव्हती.

हाती काय लागले

विधिमंडळाने बहुतेक विधेयके संमत केली आणि राज्यपालांनी १० एप्रिल २०२० रोजी त्यांवर सही केली. सर्व विक्रीव्यवहारांना पार्श्वभूमी तपासणी, महिन्याला एकच पिस्तूल विकत घेण्याची मर्यादा, हरवलेले किंवा चोरीला गेलेले शस्त्र ४८ तासांत कळवण्याचे बंधन, आणि धोकादायक ठरलेल्या व्यक्तीकडून न्यायालयीन आदेशाने शस्त्र तात्पुरते काढून घेण्याची तरतूद हे कायदे १ जुलैपासून लागू झाले. यातली पिस्तुलाची मर्यादा नवी नव्हती. ती १९९३ साली आली होती आणि २०१२ मध्ये रद्द झाली होती.

पडले ते एकच विधेयक, पण सगळ्यांत मोठे. अर्ध-स्वयंचलित रायफली आणि मोठी मॅगझिन यांच्यावरील निर्बंधांचे विधेयक फेब्रुवारीत कनिष्ठ सभागृहात ५१ विरुद्ध ४८ मतांनी कसेबसे निभावले आणि १७ फेब्रुवारीला सिनेटच्या समितीने १० विरुद्ध ५ मतांनी वर्षभर पुढे ढकलले. चार डेमोक्रॅट सदस्यांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिले. त्यांच्यात ग्रामीण पश्चिमेकडे मतदारसंघ असलेले क्री डीड्स होते, तसेच उत्तरेच्या उपनगरांतले चॅप पीटरसन आणि स्कॉट सुरोवेल हेही होते. विधेयकातल्या व्याख्या सैल होत्या हे कारण पुढे आले आणि ते खरेही असावे. पण व्याख्या सैल आहेत हे इतक्या लवकर, इतक्या बारकाईने लक्षात येण्यामागे नोव्हेंबरपासून मतदारसंघांतून उठलेला आवाज नव्हता, असे म्हणणे कठीण आहे. ज्या मुद्द्यावर घरातली वस्तू गुन्हा ठरणार होती, नेमका तोच मुद्दा अडला. जिथे खरेदीच्या पद्धतीचा प्रश्न होता, तिथे कुंपणावरच्या गप्पांना धार आली नाही, कारण दुकानात शिकारीची रायफल घेताना तपासणी बहुतेकांनी आधीच दिलेली होती.

चळवळीची खरी मर्यादा नकाशात दिसते. ठराव न करणाऱ्यांत फेअरफॅक्स, आर्लिंग्टन आणि लाउडन या वॉशिंग्टनच्या परिसरातल्या काउंट्या होत्या. एकट्या फेअरफॅक्सची लोकसंख्या ११ लाखांवर आहे, आणि राज्याची सुमारे ८६ लाख. या भागात मराठी कुटुंबांसह असंख्य स्थलांतरित राहतात. त्यांच्या घरात पिढीजात रायफल नसते, शिकारीचा हंगाम त्यांना कॅलेंडरवरही सापडत नाही, आणि बंदूक हा शब्द ते मुलांच्या शाळेतल्या गोळीबाराच्या कवायतीशी जोडतात. त्यांच्यापाशी शनिवारच्या चांदमारीचे निमंत्रण घेऊन फारसे कोणी गेले नाही. शंभर ठिकाणी जे बोलणे झाले ते मुख्यतः आधीच पटलेल्यांचे एकमेकांशी झाले. त्याने माणसे जागी झाली, बदलली नाहीत. वॉशिंग्टनच्या वेशीवरच्याच प्रिन्स विल्यम काउंटीत डिसेंबरात मावळत्या बोर्डाने ठराव केला आणि जानेवारीत नव्याने बसलेल्या बोर्डाने तो पहिल्याच सभेत मागे घेतला. उलट व्हर्जिनिया बीचच्या नगरपरिषदेने, १२ माणसे गमावल्यानंतर सात महिन्यांनी, शस्त्राधिकाराच्या बाजूचा ठराव केला. उपनगरी वस्तीतही काम अशक्य नव्हते, याचा एवढा एक पुरावा हाती राहतो.

त्याच एप्रिलमध्ये संमत झालेल्या आणखी एका कायद्याने स्थानिक संस्थांना आपल्या इमारतींत, उद्यानांत आणि परवानगी दिलेल्या कार्यक्रमांत बंदुकीवर बंदी घालण्याचा अधिकार दिला. काउंट्यांना या प्रश्नावर आपला आवाज हवा होता, तो त्यांना मिळाला, मात्र मागितला होता त्याच्या नेमका उलट्या दिशेने. अलेक्झांड्रियाने तो त्याच वर्षी जूनमध्ये वापरला. ठराव करणाऱ्या ग्रामीण काउंट्यांपैकी बहुतेकांनी त्याला हात लावला नाही, आणि तिथल्या बोर्डाच्या सभेला पुन्हा दहा-वीस माणसे येऊ लागली.